कुंडली एका इंजिनाची

कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं. अमेरिकेत काही मंडळी शेतकऱ्यांच्या जुन्या कोठारांतून गंजलेली, पिटुकली पेट्रोल इंजिनं उचलून आणतात आणि मग महिनोन्‌महिने त्यांची ओळख पटवत बसतात. एका हटके छंदाची ही गोष्ट.

एक छोटीशी टेस्ट देऊ या? तुमच्या बाइकचा इंजिन नंबर सांगा पाहू. नंबरप्लेटवरचा नव्हे, इंजिनावर ठोकलेला. आरसी न काढता, मोबाइल न उघडता.

नाही ना आला? डोंट वरी, मलाही येत नाही. इन्शुरन्सवाला विचारतो तेव्हा आपण तो शोधतो आणि पुढच्या मिनिटाला विसरतो. पण या जगात अशीही माणसं आहेत, जी वीकएन्डच्या वीकएन्ड फक्त असे नंबर वाचण्यात घालवतात. तेही बाइकचे नाहीत. साठ, सत्तर, कधी नव्वद वर्षांपूर्वीच्या, मांडीवर घेऊन बसता येईल एवढ्याशा इंजिनांचे. कधीकाळी गवत कापणारी, पाणी उपसणारी, कपडे धुणारी ही इंजिनं. काम संपलं तशी ती कोठाराच्या कोपऱ्यात गेली आणि विसरली गेली.

माझा मावसभाऊ या मंडळींपैकी एक. पुण्यात मेकॅनिकल केलं, नोकरी धरली सॉफ्टवेअरमध्ये, आणि आता मुक्काम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराजवळ. आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो. त्याच्याकडे तीन आठवडे राहायला गेले, तेव्हा डोक्यात होतं लेक मिशिगन आणि शॉपिंग. प्रत्यक्षात निम्मा वेळ गेला त्याच्या गॅरेजमध्ये. तिथे गाडीला जागाच नव्हती. भिंतीलगतच्या फळ्यांवर ओळीनं इंजिनं बसली होती. एकोणीस!

‘दादा, सगळी सारखीच दिसतात रे,’ मी म्हणाले.

वहिनी हसली. ‘झालं! आता तुझी आज सुटका नाही.’

हार्लेच्या गावातलं दुसरं नाव

मिलवॉकी म्हटलं की आपल्याला हार्ले-डेव्हिडसन आठवते. पण याच शहरात १९०८ मध्ये आणखी एक जोडी जमली. स्टीफन ब्रिग्ज हा इंजिनियर आणि हॅरल्ड स्ट्रॅटन हा धान्याचा व्यापारी. कंपनीचं नाव अर्थातच ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. सुरुवातीला त्यांनी मोटारीच्या इंजिनाचा घाट घातला, तो जमला नाही. मग मोटारींचे इग्निशनचे आणि विजेचे सुटे भाग केले. १९१९ मध्ये त्यांनी ‘मोटर व्हील’ नावाच्या एका प्रकाराचे हक्क विकत घेतले आणि इथून पुढे मजा सुरू झाली.

मोटर व्हील म्हणजे छोटं पेट्रोल इंजिन बसवलेलं एक जादा चाक. सायकलला जोडलं की सायकल पळायची. लाकडी फळ्यांच्या चारचाकी पाटाला पाचवं चाक म्हणून लावलं की झाली मोटार! या पाटाचं नाव ‘फ्लायर’. दार नाही, छप्पर नाही, स्प्रिंगा नाहीत. थांबायचं तर पाचवं चाक जमिनीवरून उचलायचं. १९२०च्या दशकात ही गाडी सव्वाशे-दीडशे डॉलरला मिळायची आणि जगातली सर्वांत स्वस्त मोटार म्हणून तिची नोंद आजही सांगितली जाते.

फ्लायरचं पुढे काही झालं नाही. पण त्या चाकावरचं इंजिन कंपनीने सुटं करून विकायला काढलं, आणि तो फंडा जबरदस्त चालला. कारण तेव्हाच्या अमेरिकेत शेतावर वीज नव्हती. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या खेड्यापाड्यांतल्या दहांपैकी नऊ घरांत वीज पोहोचलेली नव्हती. खोटं वाटतं ना? पाणी उपसायचं, दूध घुसळायचं, दिव्याची बॅटरी चार्ज करायची, तर एक छोटं इंजिन हाताशी हवंच.

सोमवारची धुलाई, पेट्रोलवर

दादाच्या संग्रहातलं माझं फेव्हरिट मात्र ब्रिग्जचं नाही. ते आहे मेटॅगचं. होय, वॉशिंग मशीनवालं मेटॅग. आयोवा राज्यातल्या न्यूटन गावची ही कंपनी आधी शेतीची अवजारं करायची. १९०७ मध्ये तिने पहिलं वॉशिंग मशीन आणलं आणि पुढच्या दशकात वीज नसलेल्या घरांसाठी त्याला पेट्रोल इंजिन जोडलं.

कल्पना करा. सोमवार, म्हणजे तिथला कपडे धुण्याचा ठरलेला वार. टबाखाली इंजिन. बाई येते, पायाने पेडल मारते, जशी आपण स्कूटरला किक मारतो तशीच, आणि घरात फट्‌फट्‌फट्‌ सुरू! धूर घरात कोंडू नये म्हणून लोखंडी लवचीक नळी दारातून नाहीतर खिडकीतून बाहेर सोडलेली. इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे आपल्या जुन्या बजाज चेतक किंवा लुनासारखं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं.

दादाने ते अंगणात आणलं, दोनदा किक मारली, तिसऱ्यांदा ते बोलायला लागलं. मावशी त्या वेळी तिथेच होती. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘अगदी आपल्या गावच्या गिरणीसारखं वाटलं रे!’ आमच्या गावची पिठाची गिरणी डिझेलवर चालायची, हे पेट्रोलवर. पण कानाला कुठे कळतं ते?

मेटॅगची सिंगल सिलिंडरवाली आणि १९३०च्या दशकात आलेली समोरासमोर दोन सिलिंडर असलेली, अशी दोन्ही इंजिनं संग्राहकांमध्ये लाडकी आहेत. पुढे गावोगाव वीज पोहोचली, वॉशिंग मशीनला मोटर लागली आणि ही इंजिनं बेकार झाली. बेकार इंजिनावर पहिला डोळा अर्थात घरातल्या पोरांचा. कुणी ते गो-कार्टला लावलं, कुणी नुसतंच खोलून पाहिलं. म्हणून आज मेटॅगचं इंजिन मिळालं तरी त्याचं मूळचं सगळं सामान जागेवर असेल याची खात्री नाही.

सारखी दिसणारी, पण सारखी नसलेली

आता मुख्य मुद्दा. ही इंजिनं लाखांनी बनली. मग त्यात दुर्मिळ असं काय? नेहमीचं इंजिन असेल तर फारसं काही नाही. या छंदातली खरी चुरस असते ती नेहमीपेक्षा वेगळ्या निघालेल्या नगासाठी. वेगळा शाफ्ट, वेगळी टाकी, जिथे नसायला हवं तिथे एक भोक. असं काही दिसलं की ही मंडळी गुडघ्यावर बसतात आणि खिशातून टॉर्च निघतो.

वेगळेपण येतं कुठून? दादाने मला बोटांवर मोजून दाखवलं.

पहिलं कारण गिऱ्हाईक. ब्रिग्जसारख्या कंपन्या इंजिन बनवायच्या, पण ते लागायचं दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर. लॉन मोअर, पंप, जनरेटर, काँक्रीट मिक्सर. प्रत्येकाची मागणी वेगळी. कुणाला शाफ्ट लांब हवा, कुणाला सहा फेऱ्यांची एक फेरी करणारा गियर, कुणाला रंग आपल्या ब्रँडचा. अशा एखाद्या छोट्या कंपनीने थोडीच इंजिनं घेतली आणि गाशा गुंडाळला, की तो प्रकार तिथेच संपला.

दुसरं कारण युद्ध. दुसऱ्या महायुद्धात छोटी इंजिनं लष्कराचे जनरेटर चालवत होती. स्पार्क प्लगच्या ठिणगीमुळे वायरलेसमध्ये खरखर येते, म्हणून लष्करी इंजिनाच्या प्लगला आणि वायरीला धातूचं वेष्टण असायचं. युद्धानंतर हा माल सरप्लस म्हणून स्वस्तात विकला गेला. शेतकऱ्याने त्यावर लाल नाहीतर निळा रंग मारला. आज तो रंग खरवडला की खालून लष्करी हिरवा डोकावतो.

तिसरं कारण इंधन. जिथे पेट्रोल महाग तिथे रॉकेल. सुरुवात पेट्रोलवर करायची, इंजिन तापलं की रॉकेलवर टाकायचं. ही युक्ती आपल्याकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको, तसे पंप आपल्या विहिरींवरही चालले आहेत. रॉकेलच्या इंजिनात दाब कमी ठेवावा लागतो, त्यामुळे वरून भावंडं दिसणारी दोन इंजिनं आतून वेगळी निघतात.

चौथं कारण अगदी आपल्या ऑफिसातलं. जुना स्टॉक संपवा! डिझाइन बदललं तरी मागच्या डिझाइनचे भाग गोदामात पडलेले असायचे. ते फेकणार कोण? मग काही दिवस अर्धं जुनं, अर्धं नवं असं इंजिन बाहेर पडायचं. नव्या फॉर्मवर जुना लोगो असलेलं लेटरहेड वापरतात ना, तसंच.

आणि पाचवं कारण म्हणजे मेकॅनिक. गावातला, जुगाडू, हातात वेल्डिंगचा रॉड असलेला. त्याने केलेला बदल कारखान्यातला वाटावा इतका सफाईदार असू शकतो. सगळी डोकेदुखी इथेच आहे. समोरचं वेगळेपण पहिल्या चार कारणांचं आहे की पाचव्याचं?

ओळखपत्र शर्टाच्या खिशात

मला वाटलं, सोपं आहे. नंबर वाचायचा. दादा म्हणाला, ‘थांब. नंबर कुठे असतो ते आधी बघ.’

ब्रिग्जच्या इंजिनावर मॉडेलचा नंबर असतो तो पंख्यावरच्या पत्र्याच्या कव्हरवर. बिडाच्या जुन्या इंजिनांवर तिथे छोटी धातूची पट्टी असते, नंतरच्यांवर नंबर थेट पत्र्यात ठोकलेला. आणि हे कव्हर मोजक्या बोल्टांवर बसतं. पाना फिरवला की सुटं. एका इंजिनाचं कव्हर चेपलं की शेतकरी दुसऱ्याचं काढून लावायचा. त्याला काय, हवा लागल्याशी मतलब. पण त्याच क्षणी इंजिनाचं नाव बदलायचं. माणसाचं आधार कार्ड शर्टाच्या खिशात आणि शर्ट भावाने घातला, असा सगळा प्रकार!

म्हणून नंबर हा फक्त पहिला साक्षीदार. त्याची उलटतपासणी व्हायलाच हवी, आणि इथे शाळेतलं गणित कामी येतं. १९५०च्या आसपासच्या ब्रिग्ज इंजिनांच्या नावातच त्यांचं माप आहे. मॉडेल ६ म्हणजे साधारण सहा घन इंच, ८ म्हणजे आठ, १४ म्हणजे चौदा, २३ म्हणजे तेवीस. मॉडेल ६चा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, दोन इंच आणि पिस्टनची धाव दोन इंच. गुणाकार केला की ६.२८ घन इंच, आपल्या भाषेत १०३ सीसी. मॉडेल ८ची धाव तेवढीच, दोन इंच. पण बोअर सव्वादोन. आकारमान ७.९५ घन इंच, म्हणजे १३० सीसी. आणि मॉडेल २३ हा त्यांच्यातला पैलवान, तब्बल ३७६ सीसी. रॉयल एनफिल्डच्या साडेतीनशेवाल्या बुलेटपेक्षा मोठा!

म्हणजे पट्टीवर ६ लिहिलंय आणि व्हर्नियर सव्वादोन इंच दाखवतोय, तर पट्टी खोटं बोलतेय.

यानंतर येतो रंग. बोल्टच्या डोक्याखाली आणि पट्टीच्या मागे मूळचा रंग टिकून राहतो, कारण तिथे ऊनही पोहोचत नाही आणि ब्रशही. मग भोकं. ओतकामात ठेवलेल्या उंचवट्यावर, नीट सपाट केलेल्या जागी पाडलेलं भोक बहुधा कारखान्यातलं. हातड्रिलने पाडलेलं किंचित तिरकं असतं, कडेला बुरशी सुटलेली असते. मग बोल्ट. सगळे एकाच घडणीचे आहेत, की एखादा उपरा? एकेका इंजिनावर असे दहा-बारा साक्षीदार असतात. सगळ्यांची जबानी जुळली तर ठीक. एक फुटला की चौकशी पुन्हा पहिल्यापासून.

चौकट : नंबर वाचायला शिका
ब्रिग्जच्या नंतरच्या इंजिनांवर आकड्यांचे तीन गट असतात. मॉडेल, टाइप आणि कोड. उदाहरणार्थ मॉडेल १३०२०२.
• १३ : आकारमान, सुमारे तेरा घन इंच. म्हणजे दोनशे सीसीच्या आसपास.
• ० : डिझाइनची मालिका.
• २ : शाफ्ट आडवा आहे की उभा, आणि कार्ब्युरेटर कोणता. इथे आडवा.
• ० : बेअरिंग आणि गियर. शून्य म्हणजे साधं बेअरिंग, गियर नाही. सहा असता तर सहास एकचा गियर.
• २ : सुरू कसं करायचं. एक म्हणजे दोरी गुंडाळून ओढायची, दोन म्हणजे आपोआप आत जाणारी दोरी.
टाइप नंबर सांगतो की हे इंजिन कोणत्या जोडणीचं, कोणत्या गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बनलं.
कोड म्हणजे जन्मतारीख. कोड ६८०५१२ने सुरू होत असेल, तर इंजिन जन्मलं १२ मे १९६८ रोजी. पुढचे आकडे असेंब्ली लाइन आणि प्लांटचे.

‘हे सहाचं नाहीये’

दादाच्या फळीवर डावीकडून चौथं एक इंजिन आहे. बिडाचं, काळपट, गियरवालं. एका शेतावरच्या लिलावात त्याने ते घेतलं. त्याच्या पट्टीवर मॉडेल ६ आणि पुढे असा टाइप नंबर, जो त्याच्या ओळखीतल्या कुणीच आधी पाहिला नव्हता. मित्रमंडळींत बातमी पसरली. एका जुन्या संग्राहकाने फोनवरच ऑफर दिली, दादाने मोजलेल्या पैशांच्या तिप्पट.

त्या रात्री दादाने सिलिंडरचं हेड उघडलं. पिस्टन जाम होता, बोअर काजळीने काळा. पुसला, व्हर्नियर लावला. सव्वादोन इंच. पुन्हा लावला. सव्वादोनच.

‘मी वहिनीला हाक मारली,’ तो सांगत होता. ‘म्हटलं, हे सहाचं नाहीये. कुणीतरी सहाचं कव्हर आठच्या अंगावर चढवलंय.’

‘आणि मी म्हटलं,’ वहिनी मध्येच बोलली, ‘घेणाऱ्याला कव्हरच हवंय ना? मग दे की! तो कशाला उघडून बघतोय?’

वहिनीच्या बोलण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पट्टी खरी होती. तो टाइप नंबरही खरा होता, म्हणजे असं एक इंजिन कधीतरी नक्की बनलं होतं. पैसेही बरे होते आणि त्या महिन्यात गाडीचं मोठं काम निघालेलं. दादा दोन दिवस काहीच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने त्या संग्राहकाला फोन केला आणि मोजलेली मापं वाचून दाखवली.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, सौदा मोडला. तो म्हणाला, थँक्स. आणि वर म्हणाला की त्याने तो टाइप नंबर आधीच आपल्या यादीत लिहिला होता, आता त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकतो.’

मला यात काय भारी वाटलं, सांगू? या यादीवर दुसरा कुणीतरी विसंबणार होता. तो आणखी तिसऱ्याला सांगणार होता. अशी खोटी नोंद एकदा शिरली की ती बाहेर काढणं महाकठीण, कारण कारखान्यात जाऊन विचारायची सोय उरलेली नाही. ते इंजिन जोडणारी माणसं नाहीत. उरलंय ते फक्त इंजिन. त्याच्याविषयी आपण जे लिहू, तोच पुढच्यांसाठी इतिहास.

ते इंजिन दादाने विकलं नाही. त्याला सुतळीने एक पुठ्ठा बांधलाय. त्यावर दोन रकाने. ‘माहीत आहे’ आणि ‘वाटतं’. पहिल्यात लिहिलंय : बोअर सव्वादोन इंच, कव्हर दुसऱ्या इंजिनाचं. दुसऱ्यात : कव्हर शेतावरच बदललं असावं. आता त्याच्या सगळ्या इंजिनांना असे पुठ्ठे आहेत.

यामागे आणखी एक कारण आहे. त्यांच्या भागातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे चाळीसेक इंजिनं होती. कोणतं कुठून आलं, कशात काय विशेष, सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर ओळ नाही. तो गेला. मुलं दूरच्या शहरांत. त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं आणि सगळी इंजिनं वजनावर गेली. बातमी कळून मित्र पोहोचेपर्यंत गॅरेज धुऊन स्वच्छ झालं होतं.

जुगाडालाही इज्जत असते

म्हणजे कारखान्यातलं तेवढं खरं आणि शेडमधलं ते खोटं, असं का? अजिबात नाही. त्यासाठी थोडा वेळ जपानला जाऊ या.

१९४६. हमामात्सु शहर. युद्ध संपलंय, बस-गाड्या अपुऱ्या आणि खचाखच भरलेल्या. एका मेकॅनिकच्या हाती लष्कराच्या वायरलेस सेटचा जनरेटर चालवणारं छोटं इंजिन लागतं. तो ते सायकलला जोडतो. पेट्रोलची टाकी म्हणून चक्क अंथरूण गरम ठेवायची पाण्याची बाटली! कल्पना चालते, तेव्हा तो अशी सुमारे पाचशे सरप्लस इंजिनं मिळवतो, सायकलींना बसवून विकतो. ती संपल्यावर १९४७ मध्ये स्वतःचं इंजिन बनवतो. त्या मेकॅनिकचं नाव सोइचिरो होंडा.

आता बोला! त्या पाचशेतलं एखादं इंजिन कुणाला मिळालं आणि त्याने ते ‘मूळ स्वरूपात’ आणायचं म्हणून परत जनरेटरला जोडलं, तर त्याच्या शहाणपणाला काय म्हणाल? तिथे जुगाड हाच इतिहास आहे. म्हणून चांगला संग्राहक जुगाड दिसला की तो पुसत नाही. कुणी केला, कधी आणि कशासाठी, एवढं शोधतो आणि लिहून ठेवतो. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा जुगाडाला कारखान्याचं नाव देऊन किंमत वाढवली जाते.

याच कारणासाठी जाणकार मंडळी आल्या आल्या रंगाचा डबा उघडत नाहीत. चकाचक केलेलं इंजिन फोटोत मस्त दिसतं, पण सँडब्लास्टिंगने गंजाबरोबर जुने रंग, तेलाचे डाग, घासल्याच्या खुणा असे सगळे साक्षीदारही उडून जातात. दादाचा नियम साधा आहे. आधी फोटो, मग मापं, मग नोंद. पाना सगळ्यात शेवटी.

घाई का आहे?

कारण एकेक दिवा विझत चाललाय. मेटॅग २००६ मध्ये व्हर्लपूलने विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ती एका गुंतवणूक कंपनीकडे गेली. नाव टिकलं, काम चालू राहिलं, पण मिलवॉकीतल्या लोकांना तो धक्काच होता. कॅलिफोर्नियाने तर २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून लॉन मोअर, लीफ ब्लोअरसारख्या यंत्रांची नवी पेट्रोल इंजिनं बंद करायला घेतली. त्यालाही कारण आहे. छोटी दिसली तरी ही इंजिनं मोटारीच्या मानाने भरपूर धूर सोडतात. दादालाही ते पटतं. तो स्वतःचं लॉन बॅटरीच्या मोअरने कापतो! ‘ही इंजिनं परत वापरात यावीत असं मी कुठे म्हणतोय?’ तो म्हणाला. ‘काय होतं ते नीट माहीत असावं, इतकंच.’

या मंडळींची जत्राही भरते. इंडियाना राज्यातल्या पोर्टलँड गावी ऑगस्टच्या उत्तरार्धात जुन्या इंजिनांचा मोठा मेळा असतो. आयोवातल्या माउंट प्लेझंटची ‘ओल्ड थ्रेशर्स रीयुनियन’ १९५० पासूनची. क्लिंटन नावाच्या दुसऱ्या एका इंजिन कंपनीचं म्युझियम आयोवातल्याच मकोकेटा गावात आहे. ‘गॅस इंजिन मॅगझिन’ तर १९६६ मध्ये सुरू झालं. (गॅस म्हणजे आपला सिलिंडर नव्हे हं, अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात.) अशा मेळ्यात पांढऱ्या दाढीचे आजोबा खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांना एखादा नंबर सांगितला की डोळे मिटून ते त्याचं घराणं सांगतात. तरुण मुलं कमी दिसतात, असं दादा म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात काळजी होती.

आपल्या कोपऱ्यातलं काय?

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आमच्या वन बीएचकेमध्ये इंजिन ठेवू कुठे? बरोबर आहे. पण गावाकडच्या घराच्या पडवीत नजर टाका. आजोबांची लुना उभी असेल. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये ती आणली, दोन पिढ्यांना ऑफिसात आणि कॉलेजात पोहोचवलं, आणि २०२४ मध्ये तेच नाव इलेक्ट्रिक होऊन परत आलं. विहिरीवर पेट्रोल-रॉकेलचा पंप असेल. लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेला छोटा जनसेट असेल. यातलं काहीच आज ‘व्हिंटेज’ वाटत नाही. मेटॅगचं इंजिनही १९५० मध्ये कुणाला वाटलं नव्हतं.

आणि त्याची गोष्ट सांगणारा माणूस अजून घरात आहे. कधी घेतलं, किती दिले, कोणता भाग कोणत्या मेकॅनिकने बदलला, टाकी दुसऱ्या रंगाची का. पुढच्या वेळी गावाला गेलात की विचारा. कागदावर दोन रकाने पाडा. पुठ्ठा आणि सुतळी तर कुठेही मिळते.

चौकट : सुरुवात करायचीय?
• पहिलं इंजिन नेहमीचंच घ्या. नेहमीचं कसं असतं ते कळल्याशिवाय वेगळं ओळखता येत नाही.
• हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. नंबरचा फोटो तिरप्या उजेडात घ्या, पुसट आकडे उठून दिसतात.
• जाम झालेला पिस्टन ठोकू नका. प्लगच्या भोकातून तेल सोडा आणि काही दिवस वाट बघा.
• कॉइल, टाकी, कार्ब्युरेटर बदललात तर जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा.
• बंद खोलीत इंजिन कधीही सुरू करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. त्या काळच्या बायकाही नळी खिडकीबाहेर सोडायच्या!
• विकताना जे माहीत आहे ते सांगा, आणि जे नुसतं वाटतं ते ‘वाटतं’ म्हणूनच सांगा.